थोरल्याचा हक्क, तळटिपांसह

सोमवार, १० सप्टेंबर २०१८. बर्गन. सकाळी ८.१०

निर्णय झाला. हेग्लिडची शेती मी घेणार.

मी थोरला आहे. कायदा माझ्या बाजूने आहे. बाबांनी एप्रिलमध्ये शेत ग्यूरोच्या नावावर केलं. ठीक आहे. सत्त्याऐंशी वर्षांचा माणूस, त्यात धाकटी लेक सतत डोळ्यांसमोर. हळवा होणारच. पण आपल्याकडे वडिलोपार्जित शेतावर पहिला हक्क थोरल्याचा. शेत दुसऱ्या कुणाच्या नावावर गेलं तरी थोरल्याने सहा महिन्यांच्या आत दावा लावायचा, शेतावर राहायला जायचं, पाच वर्षं स्वतः कसायचं. शेत त्याचं. नोंदणी १६ एप्रिलची, म्हणजे मुदत १६ ऑक्टोबर. छत्तीस दिवस आहेत आणि अर्ज दोन पानांचा. मला चार दिवस खूप झाले.

ग्यूरो आणि तिचा नवरा एइविंड तिथे बावीस वर्षं राबताहेत, हे मान्य. राबणं वेगळं आणि वारस असणं वेगळं. हा फरक मी तिला प्रेमाने समजावून सांगेन.

आजचा संकल्प: जेवणाआधी अर्ज पूर्ण.

दुपारी १२.४०

पहिलं वाक्य लिहिलं. मी ओस्मुंड हेग्लिड यांचा वारस आहे. मग वाटलं, वारस म्हणजे काय ते आधी सांगायला नको? सव्वीस वर्षं मी बोलीकोशात पहिलं अक्षर सांभाळतो आहे. व्याख्येवाचून शब्द माझ्या हातून बाहेर जात नाही. जाणारही नाही.

संध्याकाळी ७.००

तीन पानं झाली. आमचा आर्व म्हणजे वारसा. जर्मनांचा एर्बे, डचांचा एर्फ, गॉथ लोकांचा आर्बी, सगळी एकाच घरातली भावंडं. डचांनी एर्फला घराभोवतीच्या अंगणापुरतं आणून ठेवलं. इंग्रजांनी तर आपला जुना शब्द टाकूनच दिला आणि फ्रेंचांचा उसना आणला. त्यांच्याकडून वेगळी अपेक्षा नव्हती.

अर्ज अजून पहिल्याच वाक्यावर आहे. पण पाया भक्कम झाला.

मंगळवार, ११ सप्टेंबर

वर्गमित्र हालवोरला फोन केला. तो वकील आहे. मसुदा तपासशील का विचारलं, तर म्हणाला, अरे, नाव लिही, शेताचं नाव लिही, तारीख टाक, सही ठोक. कोर्टाला शब्दाचं मूळ घेऊन काय लोणचं घालायचंय? शाळेत भाषेत जेमतेम पास व्हायचा, त्याचं हे फळ. वर मला विचारतो, तुला मेंढ्या सांभाळता येतात का रे? मी सांगितलं, आर्वच्या जुन्या इंग्रजी भावंडाचा अर्थच मुळी गुरंढोरं असा होत असे. तो म्हणाला, मी हे विचारलं नव्हतं.

ऑफिसात नोटीस लागली. बोलीकोशाचा निधी संपला. १ नोव्हेंबरपर्यंत टेबलं रिकामी करायची, शब्दांची कार्डं खोक्यांत भरून तळघरात. चाळीस हजार कार्डं माझ्या एकट्याच्या अक्षराची. माझ्या निर्णयाशी याचा काडीचाही संबंध नाही. मुद्दाम लिहून ठेवतो, म्हणजे उद्या कुणी तो जोडायला नको.

शनिवार, १५ सप्टेंबर. हेग्लिड

माळावरून मेंढ्या उतरल्या. खोऱ्यातल्या सगळ्यांच्या मेंढ्या एका मोठ्या वाड्यात कोंडतात आणि मग ज्याने त्याने कानाची खूण बघून आपापल्या वेगळ्या काढायच्या. हल्ली प्लास्टिकचे बिल्ले असतात, पण मी बिल्ल्याकडे बघणार नव्हतो. वारस खूण बघतो.

खूण मला पाठ होती. डाव्या कानाचं टोक कापलेलं, उजव्याला खालून खाच. अकरा मेंढ्या शिंगं धरून ओढत आणल्या. कंबर धरली, पँट गुडघ्यावर फाटली, पण आणल्या. अकराही शेजारच्या तोर्ग्रिमच्या निघाल्या. आमची खूण उलटी आहे. उजव्या कानाचं टोक, डाव्याला खाच. माझा तर्क अजूनही चुकीचा नाही. समोरून पाहणाऱ्याला मेंढीचा डावा कान उजवीकडेच दिसतो.

तोर्ग्रिम अख्ख्या वाड्याला ऐकू जाईल असा ओरडला, चोरायच्याच होत्या तर जरा गुबगुबीत तरी बघायच्यास. एइविंड म्हणाला, प्रोफेसर, त्यांना विचारून बघा ना, कोणत्या कुळातल्या आहेत ते. सगळे हसले. ग्यूरो हसली नाही. तिने एकेक करून अकराही परत नेऊन सोडल्या. मी निम्मा दिवस घालवला होता, तिला वीस मिनिटं लागली.

जेवताना मी सहज म्हणालो, इथे येऊन राहायचा विचार आहे. आई म्हणाली, ये की, किती दिवस? मी म्हणालो, पाच वर्षं.

एइविंडला ती थट्टा वाटली. तो हसत हसत बटाटे वाढत राहिला. ग्यूरोने काटा खाली ठेवला. तिला कायदा माहीत आहे. माझ्याकडे न बघता म्हणाली, दादा, सोळा तारखेपर्यंत ना? मी म्हणालो, हो, सोळा. आईने फक्त एवढं विचारलं, आणि तुझ्यानंतर कोण रे?

मला मूलबाळ नाही हे आईला ठाऊक आहे. प्रश्न अप्रस्तुत होता.

रविवार, १६ सप्टेंबर

बाबांना भेटायला वृद्धाश्रमात गेलो. ठरवून गेलो होतो की थेट विचारायचं: मी थोरला असताना शेत तिला का?

बाबा खिडकीपाशी खुर्चीत बसलेले. हात किती बारीक झालेत. सोबत आलेल्या ग्यूरोला त्यांनी विचारलं, तुटक्या शिंगाची म्हातारी मेंढी उतरली का? ती म्हणाली, उतरली बाबा, सगळ्यांत पुढे होती. त्यांना बरं वाटलं. मग माझ्याकडे वळून म्हणाले, संपलं का रे तुझं अक्षर? मी म्हणालो, होतच आलं. ते म्हणाले, घाई करू नको.

विचारणारच होतो, तेवढ्यात त्यांनी बाहेरच्या धुक्याला असा एक शब्द वापरला की जो आमच्या संग्रहातच नाही. कार्ड खिशात होतंच. तो लिहून घेतला, नेमका अर्थ विचारला, दोन उदाहरणं घेतली. तोवर त्यांना झोप लागली. चाळीस वर्षं आम्ही असेच बोलत आलो. ते शब्द देतात, मी लिहून घेतो. असा सांगणारा कोशाला पुन्हा मिळणार नाही.

शेताचा विषय पुढच्या वेळी.

शुक्रवार, २१ सप्टेंबर. बर्गन

दावा एकोणीस पानांवर गेला. कोर्ट खूश होईल. अशी सामग्री त्यांना एरवी कुठे मिळते?

एक किरकोळ अडचण आली आहे. आर्व हा शब्द आपल्या देशात सर्वांत जुना सापडतो तो तूनेच्या शिलालेखावर, सोळाशे वर्षांपूर्वीचा. एवढा मोठा पुरावा वगळता येत नाही. वगळला तर कुणीही विद्यार्थी बोट ठेवेल. पण त्या दगडावर लिहिलंय ते असं की मेलेल्या माणसाचा आर्व तीन मुलींनी केला. वारशाची वाटणी केली म्हणा किंवा मर्तिकाचं जेवण घातलं म्हणा, पंडितांमध्ये वाद आहे. पुढे लिहिलंय, वारसांमध्ये त्या श्रेष्ठ.

तीन मुली. थोरल्या मुलाचा पत्ता नाही.

दुपारी: तळटीप घातली. मुलगा त्या वेळी परगावी असावा.

संध्याकाळी: परगावी हा शब्द काढला.

गुरुवार, २७ सप्टेंबर

दुसरी किरकोळ अडचण. शब्दाच्या मुळाशी जावं तर तिथे शेतही नाही आणि थोरलाही नाही. मूळ अर्थ पोरका. ग्रीकांत, लॅटिनमध्ये, आर्मेनियनमध्ये त्याच घराण्यातले शब्द म्हणजे ज्याचं कुणी गेलं तो. संस्कृतात अर्भ म्हणजे लहान, पोर. वारसा म्हणजे पोरक्याच्या वाट्याला आलेलं. आणि काबाडकष्टाचा आमचा शब्द, आर्बाइड, तोही याच घरातला मानतात. पोरक्या पोराला कुणाच्या तरी दारात राबावंच लागायचं.

याचा अर्थ काही मंडळी असा काढतील की राबतो तो वारस. त्यांना तळटीप क्रमांक चव्वेचाळीसमध्ये उत्तर दिलं आहे. लांबलचक दिलं आहे.

संकल्प: उद्यापासून नवीन तळटीप नाही.

शुक्रवार, २८ सप्टेंबर. सकाळी ७.४०

ग्यूरोचा फोन. बाबा पहाटे गेले.

८.३०

ग्यूरो त्यांच्याजवळ होती. शांतपणे गेले म्हणाली. मी विचारलं, काही बोलले का शेवटी? म्हणाली, पाणी मागितलं.

९.१०

शब्दाच्या मुळाप्रमाणे मी आजपासून खऱ्या अर्थाने वारस. ही नोंद करायची म्हणून बसलो होतो. करवत नाही.

रविवार, ३० सप्टेंबर. हेग्लिड

दफन शुक्रवारी. त्यानंतरचं जेवण म्हणजे आर्वेओल, वारशाची बिअर. आजकाल कॉफी, केक आणि मटणाचं सूप यांवर भागवतात आणि लोक तीन वाजता घरी जातात. जुन्या काळी या जेवणाशिवाय कुणी वारस होतच नसे. मुलगा आधी बापाच्या आसनाच्या पायरीवर बसायचा, मग भरलेला पेला उचलून शपथ घ्यायची, पेला एका दमात रिकामा करायचा आणि नंतरच आसनावर बसायचं. सर्वांदेखत. कोर्टकचेरीच्या आधीचं कोर्ट ते.

प्लॅन असा: बिअर मी स्वतः गाळणार, घरची, जुन्या पद्धतीने. भाषण मीच करणार. शब्दाचा इतिहास, मग शपथ, मग दाव्याची घोषणा. खोऱ्यातले सगळे साक्षीला. ग्यूरोला सगळ्यांसमोर काही म्हणता येणार नाही आणि प्रकरण सभ्यपणे मिटेल.

बिअरचं ग्यूरोला सांगितलं. घोषणेचं नाही. ती पीठ मळत होती. म्हणाली, कर बाबा तुला काय करायचं ते, फक्त सुपाचं मोठं पातेलं घेऊ नकोस.

बुधवार, ३ ऑक्टोबर

सुपाचं मोठं पातेलं घ्यावं लागलं.

जुनिपरच्या झुडपाच्या फांद्या उकळल्या, माल्ट म्हणजे मोड आणलेलं जव भिजवलं, सगळं ग्रंथात आहे तसं. घरचं यीस्ट एइविंडच्या चुलतीने सुकवून जपून ठेवलेलं, तीस वर्षांपूर्वीच्या वंशातलं. पातेल्यातलं कोमट झाल्यावर ते घालायचं. कोमट शब्दाचे आमच्या खोऱ्यात तीन प्रकार आहेत. त्यांतला कोणता, याचा विचार करता करता हातून पडलं. पातेलं अजून उकळत होतं.

चुलती दारात उभी होती. म्हणाली, मेलं ते. तीस वर्षं मी ते जगवलं. मी क्षमा मागितली आणि यीस्ट या शब्दाबद्दल एक गोष्ट सांगायला सुरुवात केली. ती निघून गेली.

एइविंडने दुकानातून बाटल्या आणल्या. ग्यूरोने रात्रीचं जेवण सोडून पातेलं घासलं. मदत करू का विचारलं तर म्हणाली, नको दादा, तू बस.

शुक्रवार, ५ ऑक्टोबर. संध्याकाळी ६.००

बाबांना पोचवलं. मातीची पहिली मूठ माझी. पाऊस नव्हता.

जेवणाला साठ माणसं. भाषणासाठी उभा राहिलो. सुरुवात उत्तम झाली. गॉथ, जर्मन, डच. तोर्ग्रिमने डोळे मिटले होते, विचार करत असावा. मग तूनेचा दगड आला. तो गाळून पुढे जाता येत नव्हतं. म्हणून मी तो वाचला, मुळातून आणि मग आपल्या भाषेत: मुलींनी आर्व केला, वारसांमध्ये त्या श्रेष्ठ. इथे मी श्वास घेतला. पुढचं वाक्य होतं, परंतु.

परंतुपर्यंत पोचलोच नाही. सगळं घर ग्यूरोकडे वळलं. ती सुपाचा डाव हातात घेऊन दारात उभी होती. तोर्ग्रिम उठला, पेला उचलला आणि म्हणाला, शाब्बास ब्योर्गुल्फ, हे बोलायला छाती लागते. ग्यूरोच्या नावाने! साठ पेले वर गेले. म्हाताऱ्या बायका डोळे पुसायला लागल्या. पाद्र्याने माझा हात दोन्ही हातांत घेतला.

मी परंतु म्हणालो. दोनदा म्हणालो. कुणी ऐकलं नाही. बसलो आणि दुकानातली बिअर प्यायलो.

नंतर ग्यूरोने मला स्वयंपाकघरात गाठलं. दार लावून घेतलं. म्हणाली, दादा, ते खरं होतं की नुसता दगड वाचलास? मी म्हणालो, हा अभ्यासाचा विषय आहे. ती म्हणाली, मला अभ्यास नको. मी एप्रिलपासून कॅलेंडरवर दिवस खोडते आहे. हिवाळ्यासाठी नवा मेंढा घेतला नाही, गोठ्याचं छप्पर शाकारलं नाही, पोरींना काय सांगावं ते कळत नाही. एइविंडला मी अजून सांगितलेलंसुद्धा नाही. त्याला वाटतं तू थट्टा केलीस. तू एक सांग, दावा लावणार आहेस का?

मी म्हणालो, मुदत सोळा तारखेपर्यंत आहे.

ती म्हणाली, बरं. मग सतरा तारखेला कळेल मला. आणि भांडी घासायला लागली. माझ्याकडे पाठ करून तिने जवळजवळ साठ बशा घासल्या. मी तिथेच उभा होतो. जावंसं वाटत होतं आणि पाय निघत नव्हता. वाईट वाटलं, हे कबूल करायला हरकत नाही. पण वाईट वाटणं हे कायदेशीर कारण होत नाही.

मंगळवार, ९ ऑक्टोबर. बर्गन

त्रेचाळीस पानं. साठ तळटिपा. सुंदर झालंय काम. खोऱ्यातल्या लोकांचा गैरसमज झाला त्याला मी जबाबदार नाही.

आईचा फोन. आई स्वतः फोन करत नाही, म्हणून मी आधी घाबरलो. म्हणाली, तू काय ठरवायचं ते ठरव, पण बाबांनी तुला टाकून ग्यूरोला दिलं असं मनात धरून ठरवू नकोस. मार्चात त्यांनी तुला फोन केला होता. आधी तुला विचारलं. मी त्यांच्या शेजारी बसले होते. मी म्हणालो, मग मी काय म्हणालो? आई म्हणाली, तू थँक यू म्हणालास. फोन ठेवल्यावर ते बराच वेळ बसून राहिले. नंतर म्हणाले, त्याला नको आहे वाटतं. एप्रिलपर्यंत वाट बघतो. त्यांनी बघितली.

असं काही घडलेलं नाही. मार्चात फोन झाला होता, पण नेहमीचाच, शब्दांचा. माणसाला शेत देऊ केलं तर तो विसरेल का? आई चौऱ्याऐंशीची आहे. गल्लत होते.

काल रात्री झोप नाही आली म्हणून आज दुपारी ऑफिसात डुलकी लागली.

रविवार, १४ ऑक्टोबर

पाकीट तयार. पत्ता टाइप केला. हालवोरला फोन करून खात्री केली: सोळा तारखेला पोस्टात रजिस्टर केलं तरी मुदतीत धरतात. तो म्हणाला, उद्याच टाक, मूर्खा. मी म्हणालो, एकच तळटीप राहिली आहे, एकसष्टावी. आर्व म्हणजे शेत, असा वापर आपल्या खोऱ्यात आजही जिवंत आहे, याचं तोंडी उदाहरण हवं. माझ्याकडे एक कार्ड आहे, मला पक्कं आठवतं, याच वर्षीचं आहे. तेवढं लावलं की शेवटची वीट बसली. हालवोरने विचारलं, तुला शेत हवंय की तळटीप?

लोक काहीही विचारतात.

सोमवार, १५ ऑक्टोबर

कार्ड सापडलं नाही. खोकी भरणाऱ्यांनी खण उलटेसुलटे केलेत. उद्या दिवसभर वेळ आहे. पोस्टाचं काउंटर ऑफिसाच्या उताराखालच्या किराणा दुकानात, पाचपर्यंत. सात मिनिटांचं अंतर.

ग्यूरोचा फोन आला नाही. येईल असं का वाटत होतं कोण जाणे.

मंगळवार, १६ ऑक्टोबर. सकाळी ९.००

पाकीट बॅगेत. ऑफिसात एकटाच. आज शेत घेणार.

११.३०

सतरा खोकी तपासली.

दुपारी १.५०

फार झालं तर एकसष्टावी तळटीप न लावताही पाठवता येईल. तशी तयारी ठेवली आहे. तीनला निघतो.

२.२०

कार्ड सापडलं.

माझंच अक्षर. जसंच्या तसं उतरवतो.

आर्व. नाम. अर्थ: शेत, जमीनजुमला. सांगणारे: ओ. हे., जन्म १९३१, हेग्लिड. फोनवर, १२ मार्च २०१८. उदाहरण: आर्व तुझी वाट बघतोय, ब्योर्गुल्फ, तुला हवा असला तर. शेरा: निर्जीव वस्तूने वाट बघणे, हा प्रयोग लक्षणीय. फार सुरेख. सांगणाऱ्याकडून दोनदा वदवून घेतले.

२.४०

दोनदा वदवून घेतलं. आता आठवतंय. मी म्हणालो होतो, बाबा, थांबा, पेन घेतो, पुन्हा एकदा म्हणा, सावकाश. आणि त्यांनी पुन्हा म्हटलं. सावकाश. एकेक शब्द सुटा करून, माझं लिहून होईपर्यंत थांबत. माझं नावसुद्धा मी लिहून घेतलंय त्यात.

मग मी थँक यू म्हणालो.

५.२५

घड्याळ आत्ता बघितलं.

काउंटर बंद झालं. तरी खाली जाऊन आलो. काउंटरचं शटर ओढलेलं होतं. दुकानातली मुलगी म्हणाली, उद्या नऊला या ना. मी म्हणालो, उद्या चालत नाही. तिने विचारलं, अर्जंट होतं का? मी दूध घेतलं.

बुधवार, १७ ऑक्टोबर. सकाळी ७.३०

ग्यूरोचा फोन, गोठ्यातून. मागे मेंढ्या ओरडत होत्या. म्हणाली, बारा वाजेपर्यंत जागी होते. पाठवलंस का? मी म्हणालो, नाही.

मग रडण्याचा आवाज आला. इतकं रडताना तिला मी बाबांच्या वेळीसुद्धा ऐकलं नव्हतं. म्हणाली, दादा, तू मनाचा मोठा आहेस. मी तुला काय काय म्हणत होते मनात, मला माफ कर. मी म्हणालो, अगं, त्यात काय एवढं.

८.१५

मी माझा हक्क राजीखुशीने सोडला. योग्य तेच केलं. वारसा आणि कष्ट या शब्दांचं नातं मी पहिल्यापासूनच मानत होतो.

९.००

वरच्या तीन ओळी खोट्या आहेत. मी काही सोडलं नाही. कार्ड हातात घेऊन अडीच तास बसलो आणि काउंटर बंद झालं. वेळेवर उठलो असतो तर पाकीट टाकलं असतं की नसतं, ते मला माहीत नाही. खरंच माहीत नाही. बाबांनी दिलं तेव्हा मी घेतलं नाही, आणि काल मी दिलं नाही, ते राहून गेलं.

९.४०

ग्यूरोला फोन करून हे सगळं सांगितलं. पहिल्यांदाच तळटीप न घालता बोललो. तिने मध्ये तोडलं नाही. कार्डही वाचून दाखवलं. मग हळूच म्हणाली, दादा, मला सांगितलंस ते बरं केलंस. पण आईला सांगू नकोस. मघाशी मी तिला सांगितलं, तशी ती चालत कबरीवर गेली होती. बाबांना सांगून आली, ब्योर्गुल्फने शेत ग्यूरोला दिलं, स्वतःहून दिलं, आता काळजी करू नका म्हणून.

मी विचारलं, आणखी काय म्हणाली? ग्यूरो म्हणाली, मला माहीत नाही, मी लांब उभी होते. पण परतताना हसत होती.

१०.३०

आईकडून ते शब्द आता परत मागता येणार नाहीत. बाबांना खरं काय ते मलाच सांगावं लागेल, कुणी जवळ नसताना. तिकीट काढलं. शनिवारची बस, सव्वासातची.